इंदूरच्या दक्षिणेचे अबोल माथे

माळव्याच्या पठारावरचा सर्वांत उंच माथा सिगार, 881 मीटर. त्यानंतर जानापाव 854 मीटर आणि धजारी 810 मीटर. तिन्ही विंध्याच्या त्या रांगेत येतात, जी इंदूरच्या दक्षिणेला महू-मानपूरच्या बाजूने जाते. इंदूर शहरच मुळात साडेपाचशे मीटर उंचीवर वसलेले असल्यामुळे सिगारची शहरापेक्षा जादा उंची जेमतेम सव्वातीनशे मीटर भरते. पायथ्याशी उभे राहून मान वर करून पाहावा असा डोंगर इथे नाही, आणि सह्याद्रीतले गड चढून आलेल्या माणसाची पहिल्या तासाभरात थोडी निराशा होते.

ती फार वेळ टिकत नाही, कारण इथला डोंगर खालून वर पाहायचा नसतो. माळव्याची जमीन उत्तरेकडे हलक्या उताराची आहे. इंदूरची कान्ह नदी क्षिप्रेला आणि क्षिप्रा चंबळेला मिळते, ती या उतारानेच. दक्षिणेकडे मात्र पठार एकदम तुटते आणि खाली निमाड लागते. तिथे नर्मदाकाठचे महेश्वर दीडशे मीटरच्या आसपास आहे. देशावरून चालत जाऊन कोकणकड्यावर उभे राहिल्यावर जे होते, तेच इथे होते. निमाड हे माळव्याचे कोकण म्हटले तर चुकीचे ठरू नये; उकाड्याच्या बाबतीत तर नक्कीच नाही.

विंध्य म्हटले की शाळेच्या पुस्तकामुळे वालुकाश्म आठवतो. या भागात मात्र पायाखाली महाराष्ट्रातलाच काळा कातळ असतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर साचून दख्खनचे पठार घडले, त्याचा उत्तरेकडचा विस्तार माळव्यापर्यंत आहे. कठीण थर टिकले आणि त्यांच्यामधले मऊ थर झिजले. त्यामुळे डोंगराला पायऱ्या पडल्या. ‘डेक्कन ट्रॅप’मधला ‘ट्रॅप’ हा शब्दही पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आलेला आहे. चालणाऱ्याच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की थोडी दमछाक, मग सपाटी, पुन्हा थोडी दमछाक. पावसाळ्यात या पायऱ्यांवरूनच पाणी उड्या घेते. पाताळपाणी, तिंछा, मेहंदीकुंड, जोगीभडक ही नावे इंदुरात घरोघरी ठाऊक आहेत.

गर्दीही तिथेच असते. रविवारी धबधब्यांवर जत्रा भरते, आणि जानापावावर तर कार्तिकी पौर्णिमेला खरीखुरी जत्रा असते. जमदग्नींचा आश्रम आणि परशुरामाचे जन्मस्थान म्हणून हा माथा पूज्य आहे. वरपर्यंत डांबरी सडक गेली आहे. इथून ‘साडेसात’ नद्या निघतात असे लोक सांगतात. हिशेबातली अर्धी नदी सोडून दिली तरी गोष्ट साधी नाही. याच डोंगरावर उगम पावणारी चंबळ उत्तरेकडे सुमारे 960 किलोमीटर जाऊन यमुनेला मिळते, तर दुसऱ्या अंगाची अजनार कारमच्या वाटेने नर्मदेत जाते. एकाच माथ्यावर पडलेल्या सरीचे काही पाणी बंगालच्या उपसागराला मिळते, तर काही अरबी समुद्राला.

उलट सिगार आणि धजारी ही नावे मुख्यतः स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांत भेटतात. इंदूरच्या भंवरकुआ भागातल्या क्लासमधल्या मुलांना दोन्हींची उंची मीटरमध्ये पाठ असते. त्यांतल्या किती जणांनी ते माथे पाहिले असतील, हा प्रश्न विचारू नये. पण वाटाड्यासोबतच्या एका दिवसाच्या भटकंतीसाठी हेच माथे आणि त्यांच्या आसपासच्या बिननावाच्या सोंडा अधिक चांगल्या. उंचीचा मान एकाकडे आणि वर्दळ दुसऱ्याकडे, ही वाटणी चालणाऱ्याच्या पथ्यावर पडते.

वाटाड्या हवा तो चढ अवघड आहे म्हणून नव्हे. या डोंगरांवर शिवकालीन पायवाट, चुन्याचा बाण, देवळाची घंटा असे खुणेचे काही नसते. असतात त्या गुरांच्या वाटा. एकीच्या दहा होतात, आणि त्यांतल्या नऊ पाण्यापाशी किंवा चाऱ्यापाशी संपतात. कोणती वाट धारेवर जाते हे इथे गुरे चारलेल्या माणसालाच माहीत. पायथ्याच्या वस्त्या बऱ्याचशा भिल्ल-भिलालांच्या आहेत, आणि वाटाड्या तिथलाच असलेला बरा. वडीलधाऱ्या माणसाला या मुलखात ‘मामा’ म्हणतात. इंग्रजांशी झुंजलेल्या टंट्या भिल्लालाही लोक टंट्या मामाच म्हणतात. 4 डिसेंबर 1889 रोजी त्याला जबलपूरला फाशी दिली गेली, आणि पाताळपाण्याजवळ रेल्वेमार्गाशेजारी त्याचे स्मारक आहे.

दुसरे कारण कड्याचे. निमाडकडून वर चढणारा पावसाळी ढग काही मिनिटांत अख्खी धार गिळतो आणि दहा पावलांपलीकडे दिसेनासे होते. ऑगस्ट-सप्टेंबरात कंबरेइतके गवत कड्याच्या बाहेर झुकलेले असते. वरून ती सलग जमीन वाटते, पण गवताखाली दगड नसतो. म्हणून वाटाड्या पुढे, अनुभवी माणूस सर्वांत मागे आणि मधे बारा-पंधरांहून अधिक माणसे नाहीत, ही रीत पाळली जाते. ओढ्यांचेही तसेच. 2011 च्या जुलैत पाताळपाण्याला वरून अचानक लोंढा आला आणि सहलीची माणसे सगळ्यांच्या डोळ्यांदेखत वाहून गेली. पाऊस जिथे आपण उभे असतो तिथे पडलेला नसतो, तो वर कुठेतरी पडून गेलेला असतो. पाणी गढूळ होऊ लागले की ओढा ओलांडायचा विचार सोडावा.

दिवसाची आखणी साधी असते. पहाटे इंदूर सोडायचे, महूवरून मानपूरच्या बाजूला जायचे आणि गावात गाडी ठेवून वाटाड्याला बरोबर घ्यायचे. पहिला अर्धा तास शेतांतून जातो. पावसाळ्यात सोयाबीन, हिवाळ्यात गहू-हरभरा, आणि वाट बांधावरूनच. मग साग, धावडा, पळस, मोह, सालई यांचे पानझडी रान लागते. हिवाळा सरताना ते इतके उघडे होते की माथा आणि दरी दोन्ही झाडांतूनच दिसतात. फेब्रुवारी-मार्चात मधेच पळस पेटलेला असतो. वर दोन-तीन सोंडांवरून धारेने चालत जाऊन दुसऱ्या बाजूने गावात उतरायचे. दरडोई तीन लिटर पाणी खालूनच घ्यावे, कारण दिवाळीनंतर वरचे झरे आटू लागतात. कड्यावर आग्या मोहोळ असेल तर धूर, अत्तर आणि आरडाओरड तिन्ही टाळावे. बिबटे या रानात आहेत. मे 2023 मध्ये तर महूच्या आर्मी वॉर कॉलेजच्या आवारात वाघ कॅमेऱ्यात दिसला होता. लष्कराच्या गोळीबार-सरावाच्या हद्दीही या परिसरात आहेत. तिथे पाऊल टाकायचे नसते. वनखात्याच्या हद्दीत जाण्याआधी चौकी गाठावी.

परतताना वेळ उरला तर जाम दरवाजा पाहावा. अहिल्याबाईंची राजधानी खाली महेश्वरला होती आणि इंदूर वर. दोहोंमधली वाट जिथे कड्यावर चढते, तिथे 1791 मध्ये त्यांनी हा दरवाजा बांधला. त्यावर संस्कृत शिलालेख आहे. दगडी कमानीतून खाली पाहिले की माळवा कुठे संपतो हे कळायला नकाशा लागत नाही. रेल्वेने हाच कडा पाताळपाणी आणि कालाकुंडच्या मधे 40 ला 1 अशा चढाने चढला. तिथे 25 डिसेंबर 2018 पासून मीटरगेजची वारसा-गाडी सुरू झाली. कालाकुंडच्या फलाटावरचा कलाकंद हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.

सवय नसेल त्यांनी आधी शहराजवळच्या राळामंडळला जाऊन यावे. होळकरांच्या शिकारखान्याची ही टेकडी 1989 पासून अभयारण्य आहे. ती न थांबता चढता आली तर विंध्याच्या धारेवरचा दिवस जड जात नाही. जायचे ते सप्टेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत. एप्रिल-मे सोडूनच द्यावेत. डिसेंबरात इंदूरला पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणून त्या दिवसांत दुपारी तीन वाजता जिथे असू तिथून उतरायला लागावे, माथा गाठलेला असो वा नसो.