आधी नाडी, मग औषध

घरातले कुठलेही यंत्र अडले की आपल्या तोंडून पहिला शब्द निघतो तो 'खराब झाले' हा. मिक्सर असो, पाण्याची मोटर असो, नाहीतर लॅपटॉप असो. नेमके काय खराब झाले, हे सांगणे आपण दुकानदारावर सोडतो आणि मग तो सांगेल ती किंमत मोजतो. आज मी तुमच्याशी बोलणार आहे ते जुन्या लॅपटॉपविषयी आणि त्यावर चालणाऱ्या लिनक्स या प्रणालीविषयी. मी संगणकाचा तज्ज्ञ नाही. कला शाखेचा पदवीधर, कविता लिहिणारा माणूस. पण मला समजले ते कुणालाही समजेल, अशा भरवशावर बोलतो आहे.

हा विषय आजच का? १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ला मिळणारी नेहमीची मदत थांबली. घरगुती वापरासाठी वर्षभराची मुदतवाढ ठेवली गेली, पण ती तात्पुरती. पुढच्या विंडोज ११ साठी टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. धडधाकट चालणारे कितीतरी लॅपटॉप त्यामुळे एका तारखेला म्हातारे ठरले. ते ज्यांच्याकडे आहेत, त्यातल्या अनेकांना नवा घेणे परवडणारे नाही. अशा यंत्राला लिनक्स पुन्हा कामाला लावू शकते, तेही फुकट. अडचण येते ती पहिल्या दोन दिवसांत. वाय-फाय लागत नाही, आवाज येत नाही, मराठी अक्षरांच्या जागी चौकोन दिसतात. माणूस कंटाळतो आणि यंत्र भंगारात जाते. ते दोन दिवस कसे निभावून न्यायचे, एवढेच मला सांगायचे आहे.

लिनक्सचा गाभा म्हणजे कर्नल. हेलसिंकीत शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या तरुणाने १९९१ साली तो लिहायला घेतला आणि पुढे जगभरच्या माणसांनी वाढवला. यंत्राचे भाग आणि आपण वापरतो ते प्रोग्रॅम यांच्या मध्ये हा कर्नल उभा असतो. प्रत्येक भागाशी बोलण्यासाठी त्याला एकेक दुभाषा लागतो. त्या दुभाष्याला ड्रायव्हर म्हणतात. लिनक्समध्ये बहुतेक ड्रायव्हर कर्नलबरोबरच येतात, वेगळी सीडी शोधावी लागत नाही. पण काही भागांना, विशेषतः वाय-फायच्या कार्डांना, ड्रायव्हरशिवाय आणखी एक गोष्ट लागते, ती म्हणजे फर्मवेअर. हा त्या कार्डाच्या स्वतःच्या पोटात भरायचा छोटा प्रोग्रॅम. तो कार्ड बनवणाऱ्या कंपनीच्या मालकीचा असतो आणि बहुतेक वेळा त्याचा मूळ मजकूर खुला नसतो. म्हणून डेबियनसारखी तत्त्वाला चिकटून राहणारी मंडळी तो आपल्या अधिकृत संचात घालत नसत. २०२२ च्या ऑक्टोबरात त्यांनी मतदान घेऊन हा नियम सैल केला आणि जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून असे फर्मवेअर सोबत मिळू लागले. जुन्या संचातून लिनक्स बसवले आणि वाय-फाय मुके राहिले, तर त्यामागे बहुधा हीच गोष्ट असते.

आता तपासणीकडे वळू. जुने हकीम आधी नाडी धरत, जीभ पाहत, दोन प्रश्न विचारत आणि मगच नुस्खा लिहीत. इथेही तोच क्रम ठेवायचा. पहिली नाडी म्हणजे पेन ड्राइव्ह. लिनक्सचे बरेचसे प्रकार पेन ड्राइव्हवरून, काहीही न बसवता, तात्पुरते चालवून पाहता येतात. लॅपटॉप सुरू करताना एफ-१२, एफ-९ किंवा एस्केप यांपैकी कंपनीने ठरवलेली कळ दाबली की कुठून सुरू व्हायचे, असे यंत्र विचारते. पेन ड्राइव्हवरून चालवल्यावर आवाज, कॅमेरा, वाय-फाय नीट चालले, तर यंत्राचे ते भाग शाबूत आहेत. दोष आत बसवलेल्या प्रणालीच्या मांडणीत आहे, आणि तो पैसे न देता निघतो. तिथेही चालले नाही, तर मात्र लगेच निकाल देऊ नये. पुढचे प्रश्न विचारावेत.

हे प्रश्न टर्मिनल नावाच्या काळ्या खिडकीत टाइप करायचे असतात. त्या खिडकीला घाबरायचे कारण नाही. यंत्राला चिठ्ठी लिहून विचारावे आणि त्याने चिठ्ठीनेच उत्तर द्यावे, असा तो व्यवहार आहे. वाय-फायचेच उदाहरण घेऊ. पहिला प्रश्न : कार्ड दिसते का? त्यासाठी एल, एस, पी, सी, आय ही पाच इंग्रजी अक्षरे लहान लिपीत, जोडून लिहायची आणि एंटर दाबायचे. आत बसवलेल्या भागांची यादी येते. वाय-फायचे कार्ड बहुधा याच यादीत सापडते. कॅमेरा मात्र आतून यूएसबीने जोडलेला असतो. त्याच्यासाठी एल, एस, यू, एस, बी असे विचारावे. यादीत नावच नसेल, तर कार्ड सैल झाले असेल, बायॉसमध्ये बंद केलेले असेल किंवा खरोखर गेले असेल.

दुसरा प्रश्न : दुभाषा मिळाला का? पहिल्याच आज्ञेपुढे जागा सोडून उणे चिन्ह आणि के लिहिले, की प्रत्येक भागाखाली कोणता ड्रायव्हर कामावर आहे ते दिसते. तिसरा प्रश्न : फर्मवेअर भरले गेले का? आधी सुडो, मग जागा सोडून डी, एम, ई, एस, जी असे लिहिले, की यंत्र सुरू झाल्यापासून कर्नलने ठेवलेली रोजनिशी उलगडते. ती लांबलचक असते. आपण त्यात फर्मवेअर आणि फेल्ड हे दोन शब्द शोधायचे. ते जवळजवळ दिसले, तर कोणती फाइल मिळाली नाही तिचे नावही तिथेच असते. मोबाइल यूएसबीच्या वायरीने जोडून त्यावरून तात्पुरते इंटरनेट घ्यावे आणि ती फाइल ज्या संचात आहे तो संच बसवावा.

चौथा प्रश्न सगळ्यात सोपा आणि सगळ्यात दुर्लक्षित : कुणी कुलूप लावले आहे का? आरएफकिल असे जोडून लिहायचे आणि जागा सोडून लिस्ट हा शब्द. उत्तरात दोन ओळी येतात. सॉफ्ट ब्लॉक्ड म्हणजे प्रणालीने बंद केलेले, हार्ड ब्लॉक्ड म्हणजे यंत्राच्या बटणाने बंद केलेले.

आमच्या मोहल्ल्यातल्या वाचनालयात असाच एक जुना लॅपटॉप आहे. शिष्यवृत्तीचे आणि प्रवेशाचे फॉर्म भरायला मुले त्यावर रांग लावतात. ऐन फॉर्मच्या दिवसांत त्याचे वाय-फाय गेले. दुरुस्तीच्या एका दुकानात सांगण्यात आले, की बोर्ड बदलावा लागेल, साडेचार हजार होतील. वाचनालयाच्या पेटीत तेवढे पैसे नव्हते. बारावीतली एक मुलगी मी सांगत गेलो तसे एकेक प्रश्न टाइप करत होती. चौथ्या उत्तराला थांबून म्हणाली, "चाचा, हे बघा ना. हार्ड ब्लॉक्डपुढे येस लिहिलंय." लॅपटॉपच्या कडेला नखाएवढे सरकते बटण होते. कुणाचा तरी हात लागून ते बंद झाले होते. तिने ते सरकवले आणि वाय-फाय आले. दुकानदाराने फसवले की त्याने पाहिलेच नाही, हे मी सांगू शकत नाही. पण नाडी न पाहता औषध लिहिले की त्याचा खर्च गरिबाच्या खिशातून जातो, एवढे मात्र त्या दिवशी सगळ्या मुलांनी पाहिले.

आवाजाचेही असेच असते. आवाज येत नसला तर अल्सामिक्सर असे लिहून पाहावे. उभ्या पट्ट्या दिसतात. एखाद्या पट्टीखाली एमएम अशी अक्षरे असतील, तर तो मार्ग मुका केलेला आहे. त्या पट्टीवर जाऊन एम दाबले की तो बोलू लागतो. पट्ट्यांत सगळे ठीक असेल, तर सेटिंग्जमध्ये आवाज टीव्हीच्या वायरीकडे वळवलेला तर नाही, हे पाहावे.

घड्याळ साडेपाच तासांनी चुकते, ही खास आपल्याकडे दिसणारी तक्रार. एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवणाऱ्यांना ती हमखास भेटते. यंत्राच्या आतल्या घड्याळात लिनक्स जागतिक प्रमाणवेळ ठेवते, तर विंडोज स्थानिक वेळ ठेवते. भारताची वेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे. म्हणून लिनक्स वापरून विंडोजमध्ये गेलात, की घड्याळ साडेपाच तास मागे पडते. दोघांपैकी एकाला दुसऱ्याची रीत पाळायला सांगितली की भांडण मिटते. पण लॅपटॉप बंद केल्यावर दर वेळी तारीखच कुठल्या तरी जुन्या वर्षावर जात असेल, तर आतला छोटा सेल संपलेला आहे. बऱ्याच यंत्रांत तो नाण्याएवढा, तीन व्होल्टचा, सीआर-२०३२ या नावाचा असतो. तारीख चुकली की बँकेची आणि सरकारी संकेतस्थळेही उघडत नाहीत, कारण त्यांच्या सुरक्षेच्या प्रमाणपत्रांना मुदत असते. अशा वेळी लोक इंटरनेटला दोष देतात आणि सेल तसाच राहतो.

आता माझ्या जिव्हाळ्याचा विषय, मराठी अक्षरांचा. चौकोन दिसत असतील तर देवनागरीचा फॉन्ट बसवलेला नाही, एवढाच त्याचा अर्थ. संगणकाची मंडळी या चौकोनांना टोफू म्हणतात आणि गूगलच्या नोटो या फॉन्टचे नावच 'नो टोफू' यावरून आले आहे. रेड हॅट कंपनीने खुला केलेला लोहित हाही चांगला फॉन्ट. लोहित म्हणजे लाल. कंपनीच्या लाल टोपीला संस्कृत नाव मिळाले, याची मला मौज वाटते. टाइप करण्यासाठी कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी इन्स्क्रिप्ट जोडावे. १९८६ साली ही मांडणी भारत सरकारने प्रमाण ठरवली. तिच्यात शिफ्टबरोबर इंग्रजी जे दाबले, की नुक्ता असलेला ऱ येतो. त्याला हलन्त लावून य लिहिला, की 'वाऱ्यावर' मधला आपला अर्धा र उमटतो. हा र नसला तर 'आचाऱ्यांना' आणि 'आचार्यांना' यांत फरक उरत नाही, आणि स्वयंपाक्याचे निमंत्रण गुरुजींना जाते.

अक्षरांची दुसरी तक्रार जास्त जीव घाबरवणारी. वीस वर्षांपूर्वी टाइप केलेली कवितांची फाइल लिनक्सवर उघडावी आणि पानभर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसावा. फाइल बिघडलेली नसते. श्रीलिपी, आकृती, आयएसएम अशा संचांतल्या जुन्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षराच्याच क्रमांकावर मराठी आकार काढलेला असे. फॉन्ट नसला की आतली इंग्रजी अक्षरे उघडी पडतात. त्या त्या फॉन्टचे युनिकोडमध्ये रूपांतर करणारी साधने मिळतात. माझी विनंती आहे, की आई-वडिलांच्या आठवणी, संस्थेची इतिवृत्ते, जुने लेख अशा फाइलींत असतील, तर ते रूपांतर आजच करून घ्या. ज्याला तो फॉन्ट ओळखता येतो असा माणूस अजून भेटतो आहे, तोवर करा.

यंत्र खरोखर आजारी असते तेव्हाही लिनक्स लपवत नाही. यूपॉवर या आज्ञेपुढे जागा सोडून उणे चिन्ह आणि डी लिहिले, की बॅटरी नवी असताना किती ऊर्जा साठवत होती आणि आता किती साठवते, हे दोन आकडे मिळतात. ४८ वॉट-तासांची बॅटरी आता १९ वर आली असेल, तर जवळपास ४० टक्के उरली. ती बदलायला झाली आहे. हार्ड डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते, ती डिस्क्स नावाच्या प्रोग्रॅममध्ये वाचता येते. निकामी झाल्यामुळे बदललेल्या जागांचा आकडा दर आठवड्याला वाढत असेल, तर दुसरे सगळे सोडून आधी फाइलींची नक्कल काढावी. लॅपटॉप मध्येच गोठत असेल, तर मेमटेस्टने रात्रभर रॅम तपासावी. तिथे एकही चूक दाखवली तरी ती गंभीर समजावी. हे आकडे कागदावर लिहून दुकानात गेलात, तर बोलणे वेगळ्या पायरीवर सुरू होते. चांगल्या कारागिराला असे गिऱ्हाईक आवडते, कारण त्याचाही वेळ वाचतो.

शेवटी तीन पथ्ये. काहीही हात लावण्याआधी महत्त्वाच्या फाइलींची नक्कल बाहेर ठेवा. एका वेळी एकच बदल करा, तो वहीत लिहा आणि परिणाम पाहून मगच पुढचा करा. चार औषधे एकदम घेतली, तर गुण कुणाचा आणि अपाय कुणाचा, हे कधीच कळत नाही. आणि सुडो हा शब्द म्हणजे घराच्या किल्ल्यांचा जुडगा आहे. त्यापुढे लिहायच्या आज्ञेचा अर्थ समजला नसेल, तर ती कुणीही सांगितली असली तरी टाइप करू नका.

वाचनालयातल्या त्या मुलीने आता अशी वही घातली आहे. डाव्या पानावर तक्रार, उजव्या पानावर यंत्राचे उत्तर. परवा शेजारच्या गल्लीतून एक बाई आपला बंद लॅपटॉप घेऊन आल्या. मुलीने त्यांना बसायला सांगितले, वही उघडली आणि पहिला प्रश्न विचारला, "चाची, चार्जर लावल्यावर दिवा लागतो का?"