फरशीखालची ऊब, छतावरची धग

थंडीत परभणीचे नाव वर्तमानपत्रात हमखास येते. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात पारा एक आकडी झाल्याची ती बातमी असते. चार महिन्यांनी तोच पारा चाळिशी ओलांडतो. सेलू तालुक्यातील आमच्या देवगाव फाटा परिसरात आता स्लॅबची घरे वाढली आहेत. हिवाळ्यात गारठलेली फरशी आणि मे महिन्यात रात्रीही धग सोडणारे छत, या दोन्हींचा त्रास दिवसभर घरात असणाऱ्यांना जास्त होतो. म्हणजे घरातील महिलांना, लहान मुलांना आणि दादा-दादींना.

जगात काही ठिकाणी मात्र लोक मुद्दाम फरशी तापवतात. काश्मीरमधील अनेक मशिदींत हमाम असतो. हमाम म्हटले की आपल्याला न्हाणीघर आठवते. तिथे ती नमाज पढण्याची आणि बसण्याची उबदार खोलीही असते. तिच्या दगडी लाद्यांखाली पोकळी ठेवलेली असते. बाहेरच्या तोंडातून लाकडे पेटवतात, गरम हवा आणि धूर लाद्यांखालून फिरून धुराड्यातून बाहेर पडतो. त्याच आगीवर तांब्याच्या मोठ्या भांड्यात वुजूसाठी पाणी तापते. बाहेर बर्फ पडत असताना म्हातारी माणसे नमाजनंतर तिथेच टेकतात. जॉर्डनमधील कुसैर अमरा या आठव्या शतकातील उमय्या काळातल्या हमामातही जमिनीखालून ऊब देण्याची सोय होती.

थंड देशांतील नव्या घरांत हेच काम काँक्रीट करते. आधी जमिनीवर उष्णतारोधक जाड थर अंथरतात. त्यावर लोखंडी जाळीला प्लास्टिकच्या नळ्यांची वेटोळी बांधतात. नळ्यांत दाब भरून कुठे गळती नाही ना, हे तपासतात आणि मगच काँक्रीट ओततात, कारण नंतर गळती निघाली तर फरशी फोडावी लागते. नळ्यांतून साधारण 35 ते 45 अंशांचे पाणी फिरते. फरशी 29 अंशांच्या आसपास ठेवली, तरी खोली उबदार होते. खालचा रोधक थर विसरला, तर बरीच ऊब जमिनीतच मुरते.

आपल्याकडे थंडी काही आठवड्यांची. तेवढ्यासाठी हा खर्च परवडणारा नाही. पण यातला धडा आपल्या कामाचा आहे. काँक्रीट उष्णता साठवते आणि सावकाश सोडते. 10 बाय 12 फुटांच्या खोलीवरील 5 इंची स्लॅबचे वजन सुमारे 3.4 टन भरते. तो 10 अंशांनी तापला, तर त्यात सुमारे 8 युनिट विजेइतकी उष्णता साठते. शाळेत आपण वहन, अभिसरण आणि प्रारण शिकलो. इशाच्या नमाजनंतरही डोक्यावर जाणवणारी धग म्हणजे स्लॅबचे प्रारण. पंखा तीच तापलेली हवा फिरवतो. म्हणजे काश्मीरची माणसे थंडीत पायाखाली जे मुद्दाम करतात, ते आपल्याकडे उन्हाळ्यात डोक्यावर आपोआप घडते.

मराठवाड्यातील जुनी माळवदे दिवसा गार राहत, कारण लाकडावरचा पांढऱ्या मातीचा जाड थर ऊन अडवत असे. पण 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपात दगडमातीच्या अशाच जड घरांखाली हजारो माणसे दगावली. त्यामुळे माळवदाकडे परत जा, असे कोणी म्हणणार नाही. स्लॅब राहू द्या. ऊन मात्र त्याच्यापर्यंत पोहोचण्याआधी वरच अडवा.

सर्वांत स्वस्त उपाय चुन्याचा. फेब्रुवारी-मार्चमध्ये गच्ची झाडून, धुऊन, वाळवून चिकटद्रव्य मिसळलेल्या चुन्याचे दोन हात द्या. पांढरा रंग बरेचसे ऊन परत फेकतो. पावसाने चुना धुपतो, म्हणून दरवर्षी पुन्हा द्यावा लागतो. ऐपत असेल तर पांढऱ्या फरशीच्या तुकड्यांचा चायना मोझॅक करून घ्या. गच्चीवर थोड्या उंचीवर हिरवी जाळी बांधली तरी सावली मिळते आणि खालून वारा खेळतो. तेलंगणाने 2023 मध्ये अशा थंड छतांसाठी स्वतंत्र धोरणच आणले. माती किंवा कुंड्यांचे मोठे ओझे मात्र अभियंत्याला विचारल्याशिवाय चढवू नका. कडबा, पऱ्हाट्याही छतावर पसरू नका. ठिणगी पडली तर घर जाईल. नवे घर बांधणाऱ्यांनी छतावर उष्णतारोधक थराचा खर्च आधीच धरावा. मिस्त्री सहसा तो विषय काढत नाही, आपणच काढावा लागतो.

हिवाळ्यासाठी फरशीवर सतरंजी, तिच्यावर गोधडी पुरेशी आहे. फज्रच्या वुजूला वृद्धांना कोमट पाणी द्या आणि पाय लगेच कोरडे करून मोजे घालायला सांगा. पण बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून कधीही झोपू नका. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपेतच जीव जातो. हमामाची आग म्हणूनच खोलीबाहेर पेटवतात आणि धूर वर काढून देतात.

घरात सर्वांत जास्त वेळ कोण असते आणि कोणत्या छताखाली झोपते, हे पाहून कामाला सुरुवात करा. त्या खोलीवरची गच्ची आधी पांढरी करा, बाकीची सवडीने होईल.