वेडेल समुद्र : बर्फाखालचे कारखाने

अंटार्क्टिक द्वीपकल्पाच्या पूर्वेस पसरलेल्या वेडेल समुद्रात पाणी घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरत असल्यामुळे त्यावर तरंगणारा बर्फ द्वीपकल्पाच्या किनाऱ्याशी दाटत जातो आणि तेथे तो उन्हाळ्यातही पुरता वितळत नाही. १८२३ मध्ये दर्यावर्दी जेम्स वेडेल येथे ७४ अंश दक्षिण अक्षांशापलीकडे गेले, यात कौशल्याइतकाच विरळ बर्फाचाही वाटा होता. ध्रुवीय मोहिमवीर शॅकल्टन यांचे ‘एन्ड्युरन्स’ हे जहाज मात्र १९१५ मध्ये याच बर्फात चिरडून बुडाले आणि २०२२ मध्ये सुमारे ३,००० मीटर खोलीवर सापडले. जहाजांच्या कहाण्यांहून महत्त्वाचे आहे ते येथील जड पाणी : समुद्र गोठताना बर्फातून बाहेर पडणारे मीठ खालच्या पाण्यात मिसळते, ते पाणी किनाऱ्याला जोडलेल्या तरंगत्या हिमफलकांखाली आणखी थंड होते आणि उतारावरून तळाशी जाऊन, ‘अंटार्क्टिक तळजल’ या नावाने, अटलांटिकमध्ये विषुववृत्तापलीकडे पोहोचते.