तापणारा पाइप आणि सरकता सांधा

उष्णतेने होणारे प्रसरण शिकवताना आपण रेल्वेचे रूळ किंवा बैलगाडीच्या चाकावर चढवलेली लोखंडी धाव अशी उदाहरणे देतो. याहून मोठे प्रसरण शाळेच्या भिंतीवरच पाहायला मिळते. विजेच्या तारा ज्यातून नेतात तो पीव्हीसीचा पाइप उन्हातल्या भिंतीवर दोन पकडींच्या मध्ये धनुष्यासारखा वाकलेला तुम्ही पाहिला असेल.

पोलादाचा एकरेषीय प्रसरण गुणांक दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.००००१२, तर पीव्हीसीचा सुमारे ०.००००६, म्हणजे पाचपट आहे. प्लॅस्टिकमध्ये रेणूंच्या लांब साखळ्या असतात. दोन साखळ्यांमधील आकर्षण धातूतील बंधांच्या मानाने दुबळे असते. म्हणून तापल्यावर त्या एकमेकींपासून सहज दूर सरकतात.

आता गणित करू. गच्चीवरून २० मीटर सरळ पाइप नेला आहे. विदर्भात थंडीच्या पहाटे त्याचे तापमान १० अंश आणि मे महिन्याच्या उन्हात ६० अंश होते असे धरू. लांबीतील फरक = ०.००००६ × २०,००० मिमी × ५० = ६० मिमी. पोलादी पाइप असता तर १२ मिमी!

दोन्ही टोके घट्ट असतील तर ही वाढ जाणार कुठे? उन्हाळ्यात पाइप वाकतो, पकडी उखडतो. थंडीत आखडला की तो सांध्यातून निसटतो, किंवा सांधा पक्का चिकटवला असेल तर टोकाच्या पेटीला ओढतो. उघड्या पडलेल्या सांध्यातून पावसाळ्यात पाणी शिरते, तारांचे आवरण कडेला घासते आणि विजेचा धक्का बसण्याचा धोका निर्माण होतो.

उपाय म्हणजे सरकता सांधा. यात एक नळी दुसऱ्या रुंद नळीत मागेपुढे सरकते व रबरी कडे पाणी अडवते. सांध्याची रुंद बाजू पक्की बसवायची, बाकीच्या पकडी मात्र पाइप सरकेल इतक्या सैल ठेवायच्या. अमेरिकेच्या राष्ट्रीय विद्युत संहितेनुसार, पक्क्या बसवलेल्या दोन ठिकाणांमधील सरळ पाइपाच्या लांबीत ६ मिमी किंवा अधिक फरक अपेक्षित असेल तर असा सांधा हवा. वरच्या उदाहरणातील तापमानफरकाला ही मर्यादा अवघ्या २ मीटरवर गाठली जाते!

बसवण्याचा दिवसही पाहावा लागतो. भर उन्हात काम केले तर पाइप आधीच लांबलेला असतो, पुढे तो आखडणारच. म्हणून आतली नळी जवळजवळ पूर्ण आत ढकलून ठेवायची. थंडीत याच्या उलट. भिंतीत गाडलेल्या पाइपाला मात्र ऊन थेट लागत नाही, त्यामुळे तेथे ही अडचण फारशी येत नाही.

विद्यार्थ्यांकडून हे करून घ्या : ३ मीटरचा पाइप पहाटे गच्चीवर ठेवा. एक टोक भिंतीला टेकवा, दुसऱ्या टोकाशी जमिनीवर खूण करा. दुपारी पुन्हा पाहा. पाइप २५ अंशांनी तापला तर वाढ सुमारे ४.५ मिमी यायला हवी. मग विचारा : गच्चीची जमीनही तापून थोडी प्रसरण पावली असेल, तर आपण मोजलेली वाढ खऱ्या वाढीपेक्षा जास्त की कमी?