दारू सोडणाऱ्यांची बैठक: ऐकीव काय, खरं काय

पुण्याजवळच्या मुळशीत दारू सोडवायचे ठरलेले उपाय आहेत. घरचे गळ्यात तुळशीची माळ घालायला लावतात, देवापुढे शपथ घ्यायला लावतात, कुठून तरी पुडी आणून न सांगता चहात कालवतात, पोरगा तरणा असेल तर लग्न उरकून टाकतात. लग्नाने दारू सुटत नाही, एका मुलीच्या आयुष्याचं मात्र मातेरं होतं. पुडीत काय आहे हे तर कुणालाच ठाऊक नसतं. डायसल्फिराम हे दारू सोडवण्याचं खरं औषध आहे, पण ते पोटात असताना दारू घेतली तर उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो. जिवावरही बेतू शकतं. म्हणून ते रुग्णाच्या संमतीने आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायचं असतं.

माळेबद्दल मात्र आदराने बोलायला हवं. तिने काहींची दारू खरोखर सुटली आहे. माझ्या मते त्यात शपथेइतकाच वाटा सोबतीचा आहे. एकादशीचं भजन, दिंडी, आणि ‘आता तू माळकरी’ याची आठवण ठेवणारी माणसं. दारू सोडणाऱ्यांची बैठकही याच सोबतीवर चालते.

अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे एए, ही अशा बैठका भरवणारी संघटना १९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरात एक शेअर दलाल आणि एक सर्जन यांच्या भेटीतून सुरू झाली. दोघेही दारूपायी खचलेले. भारतात ती १९५७ पासून आहे.

‘बैठकीला गेलो तर गावात बोभाटा होईल’ हा सगळ्यात मोठा अडसर. ज्या गावात प्रत्येक घर एकमेकाच्या भावकीतलं, तिथे ही भीती खोटी म्हणता येत नाही. पण बैठकीत आडनाव सांगावं लागत नाही, आधार कार्ड मागत नाहीत. कोण आलं आणि काय बोललं, ते बाहेर सांगायचं नाही हा तिथला पाया आहे. ‘बंद’ बैठकीला फक्त दारूचा त्रास असलेली माणसंच बसतात; ‘खुल्या’ बैठकीला नातेवाईकही येऊ शकतात. शिवाय जवळच्याच बैठकीला जायला हवं असं बंधन नाही. पौडच्या माणसाने कोथरूडला जावं, हिंजवडीच्याने पिंपरीला. तिथे ओळखीचं कुणी भेटलंच, तर तोही त्याच कारणासाठी आलेला असतो. ताम्हिणीकडच्या वाड्यांवरून संध्याकाळी शहरात जाऊन परतणं अवघड. तिथल्या लोकांसाठी फोनवरून भरणाऱ्या ऑनलाइन बैठकाही आहेत.

आणि खरं सांगायचं तर, गावाला काय ते आधीच माहीत असतं.

‘आधी दारू सोडायची, मग जायचं’ हेही चूक. पिणं थांबवण्याची इच्छा, एवढीच अट आहे. फी नाही. खर्चासाठी सभासद ऐपतीप्रमाणे काही टाकतात, नाही टाकलं तरी चालतं. बाहेरच्यांची देणगी संस्था घेत नाही. अनेक बैठका चर्चच्या किंवा शाळेच्या खोलीत भरतात, त्यावरून ‘हे धर्मांतराचं आहे’ अशी कुजबूज होते. एए कोणत्याही धर्माशी जोडलेली नाही. तिथल्या बारा पायऱ्यांत देवाचा उल्लेख येतो, पण तो ज्याला जसा उमगेल तसा. कुणाला तो विठ्ठल, कुणाला नुसता समोर बसलेला समूह.

एका गैरसमजाने मात्र जीव जाऊ शकतो: ‘बैठक आहे, मग डॉक्टर कशाला?’ रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम दारू तोडली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भास, गोंधळ, ताप, थरकाप सुरू होऊ शकतो. याला तातडीने रुग्णालय लागतं. बैठकीतली माणसं उपचार करत नाहीत. म्हणून पूर्वी फिट आली असेल किंवा सकाळी हात थरथरत असतील, तर आधी डॉक्टर गाठा.

उलट गैरसमजही तितकाच पक्का आहे: ‘व्यसनमुक्ती केंद्रात ठेवलं की झालं.’ येरवड्याचं मुक्तांगण डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलं; उपचारांनंतरचा पाठपुरावा हा तिथल्या कामाचा भाग आहे. माणूस केंद्रातून घरी येतो तेव्हा गाव तेच, मित्र तेच, पगाराचा दिवस तोच. तिथून पुढे आठवड्याला एक-दोन तास कुणी तरी ऐकून घेणारं लागतं. पुन्हा पाय घसरला तर दुसऱ्या दिवशी परत बैठकीच्या त्याच खोलीत यायचं असतं, हाकलत नाहीत.

बैठकीने फरक पडतो का? वैद्यकीय संशोधनाचा आढावा घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेने २०२० साली २७ अभ्यास तपासले. दारू पूर्ण बंद राहण्याच्या बाबतीत, एएकडे पद्धतशीर वळवणारे उपचार इतर मान्य मानसोपचारांपेक्षा सरस ठरले. आणि इकडे २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कसलीही मदत मिळालेली होती.

बायकोने, आईने ‘तो येत नाही, मग मी काय करू’ म्हणून थांबू नये. पिणाऱ्याच्या घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉनच्या वेगळ्या बैठका असतात. घरातला माणूस पीत असला तरी त्यांना जाता येतं.

पत्ता शोधायचा तर १४४४६ या राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर विनाशुल्क फोन करा, किंवा मुक्तांगणमध्ये विचारा. पहिल्या बैठकीत बोललं नाही तरी चालतं. ती रुचली नाही तर दुसऱ्या गटात बसून बघा. प्रत्येक गटाचा सूर वेगळा असतो.

एएच्या परंपरेप्रमाणे दारू सोडू पाहणारी दोन माणसं एकत्र बसली तरी गट सुरू होऊ शकतो. पिरंगुट, पौड, माणमध्ये ज्यांची दारू सुटून वर्षं झाली आहेत, त्यांनी आठवड्यातली एक संध्याकाळ द्यावी.