शब्दांची किल्ली

किनाऱ्यावरील आमच्या वाचकांस चिंताकी हे नाव अपरिचित असेल. बिदर जिल्ह्याच्या औराद तालुक्यातील हे सीमेवरचे गाव १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत हैदराबाद राज्यातून म्हैसूरकडे, म्हणजे आजच्या कर्नाटकाकडे गेले. अशा गावातील मराठी मुलाच्या कानी कन्नड पडते, उर्दूही पडते. ग्रांथिक मराठी मात्र क्वचितच. मग ‘परिच्छेद’, ‘उपसंहार’ हे शब्दच त्याची वाट अडवितात.

यावर उपाय घोकंपट्टी नव्हे, व्युत्पत्ती होय. ‘हृ’ म्हणजे नेणे. त्यातून आहार, विहार, प्रहार निघाले आणि पसरलेला विषय आवरून घेणारा उपसंहारही. ‘छिद्’ म्हणजे तोडणे. मजकुराचा वेगळा काढलेला तुकडा तो परिच्छेद. फारसी ‘दार’ तर जमीनदार, तहसीलदार या रूपांनी तिन्ही भाषांत नांदतो. धातू दिशा दाखवितो. नेमका अर्थ संदर्भ ठरवितो. ‘तथापि’ आले की विचार वळणार, ‘सारांश’ आले की आटोपणार, हे उमगले की लेखाचा नकाशा हाती येतो.

सीमेचा निवाडा न्यायालये करोत; ही किल्ली शिक्षकांनी आजच द्यावी. आमच्या किनाऱ्यावरील इंग्रजी शाळांतील मुलांची गरज तरी याहून निराळी कुठे आहे?