ऑलिम्पिकचं रौप्यपदक मिळवणाऱ्या संघावर बहिष्काराची वेळ का आली? स्वीडनच्या महिला आइस हॉकीची गोष्ट

ऑगस्ट २०१९. स्वीडनच्या महिला आइस हॉकी संघाचं सराव शिबिर सुरू होणार होतं. पाठोपाठ फिनलंडमध्ये पाच देशांची स्पर्धा होती. शिबिरासाठी ४३ खेळाडूंना बोलावणं गेलं, पण एकही जण आली नाही. सगळ्यांनी मिळून एकच निरोप दिला : परिस्थिती बदलत नाही तोवर देशासाठी मैदानात उतरणार नाही. या मोहिमेला त्यांनी नाव दिलं ‘भविष्यासाठी’.

याच देशाच्या महिला संघाने तेरा वर्षांपूर्वी ऑलिम्पिकमध्ये बलाढ्य अमेरिकेला हरवलं होतं. मग ही वेळ का आली?

आधी खेळ समजून घेऊ

आइस हॉकी आपल्या हॉकीसारखी गवतावर किंवा टर्फवर खेळत नाहीत. ती बर्फाच्या मैदानावर, पायात धारदार पात्यांचे बूट घालून खेळतात. चेंडूऐवजी कडक रबराची चपटी चकती असते, तिला ‘पक’ म्हणतात. एका संघाचे गोलरक्षक धरून सहा जण मैदानात असतात. वीस-वीस मिनिटांचे तीन डाव होतात. भारतात हा खेळ मुख्यतः लडाख आणि हिमाचलच्या थंड भागात खेळला जातो. स्वीडनमध्ये मात्र फुटबॉलच्या बरोबरीने लोकांचं प्रेम या खेळावर आहे.

पण हे प्रेम बरीच वर्षं पुरुषांच्या खेळापुरतंच होतं. मुलींना खेळायचं तर अनेकदा गावातल्या मुलांच्या संघातच जागा शोधावी लागे. महिलांची राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा १९८८ पासून सुरू झाली. १९९० मध्ये कॅनडातल्या ओटावा शहरात महिलांचा पहिला अधिकृत विश्वचषक झाला, त्यात स्वीडन चौथा आला. १९९८ मध्ये जपानच्या नागानो इथे महिला आइस हॉकी पहिल्यांदा ऑलिम्पिकमध्ये आली. सहा संघांत स्वीडनचा नंबर पाचवा लागला.

पंधरा वर्षांची गोलरक्षक

२००२ च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिम्पिकआधी तर महिला संघाला पाठवायचं की नाही, यावरच स्वीडनमध्ये चर्चा झाली होती. पदकाची आशा नाही, मग कशाला पाठवायचं, असा सूर होता. शेवटी संघ गेला आणि फिनलंडला २-१ ने हरवून कांस्यपदक घेऊन आला. त्या संघाची गोलरक्षक किम मार्टिन तेव्हा फक्त पंधरा वर्षांची होती.

चार वर्षांनी, फेब्रुवारी २००६ मध्ये, इटलीतल्या ट्युरिन ऑलिम्पिकच्या उपांत्य फेरीत समोर अमेरिका होती. तोवर मोठ्या स्पर्धांत अमेरिकेला हरवायचं तर ते फक्त कॅनडाच करू शके. अमेरिकेने दोन गोल केले तेव्हा सामना संपल्यातच जमा होता. पण मारिया रूथने एकामागून एक दोन गोल करून बरोबरी साधली. जादा वेळेतही निकाल लागला नाही. मग शूटआउट झाला, म्हणजे एकेका खेळाडूने एकटीने पक घेऊन गोलरक्षकावर चाल करायची. तिथेही विजयी गोल रूथचाच ठरला. किम मार्टिनने त्या सामन्यात अमेरिकेचे ३७ फटके अडवले.

अंतिम सामन्यात कॅनडाने स्वीडनला ४-१ ने हरवलं. तरी महिला आइस हॉकीत ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीत पोचलेला हा युरोपातला पहिलाच संघ होता.

पदक आलं, पुढे काय?

पदक आलं की आता गाडी रुळावर आली, असं सगळ्यांनाच वाटतं. २००७ मध्ये महिलांसाठी देशभराची लीग सुरू झाली. २०१६ मध्ये तिचं नाव बदलून ‘एसडीएचएल’ झालं. उत्तरेकडच्या लुलेओ शहराच्या संघाने या लीगमध्ये अनेक विजेतेपदं मिळवली.

पण बहुतेक खेळाडूंचं पोट काही खेळावर भरत नव्हतं. दिवसा नोकरी किंवा कॉलेज, संध्याकाळी सराव, शनिवार-रविवारी लांबचा प्रवास करून सामने. राष्ट्रीय शिबिराला जायचं तर कामावरून सुट्टी घ्यायची आणि तेवढ्या दिवसांच्या पगारावर पाणी सोडायचं.

तोवर दुसरे देश स्वस्थ बसले नव्हते. २०१४ च्या ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदकाच्या सामन्यात स्वित्झर्लंडने स्वीडनला ४-३ ने हरवलं. २०१८ मध्ये स्वीडन सातव्या नंबरवर गेला. एप्रिल २०१९ मध्ये फिनलंडच्या एस्पो शहरात झालेल्या विश्वचषकात जपानकडूनही हार पत्करावी लागली आणि स्वीडनचा महिला संघ इतिहासात पहिल्यांदाच वरच्या गटातून खाली घसरला. त्याच स्पर्धेत शेजारच्या फिनलंडने कॅनडाला हरवून अंतिम फेरी गाठली होती. जखमेवर मीठ म्हणतात ते हेच.

खेळाडू काय मागत होत्या?

चार महिन्यांनी बहिष्कार झाला. ‘आधी जिंका, मग मागा’ असं म्हणणारे तिथेही होते. खेळाडूंचं उत्तर सरळ होतं : नीट सोयी नसतील तर जिंकायचं कसं?

त्यांच्या मागण्या साध्या होत्या. देशासाठी खेळताना बुडणाऱ्या पगाराची भरपाई. दुखापत झाली तर पुरेसा विमा. प्रवासाची आणि जेवणाची नीट व्यवस्था. पुरुषांच्या मापाचे नव्हे, तर बायकांच्या मापाचे कपडे. आणि मागून येणाऱ्या मुलींना तयार करण्यासाठी पक्की योजना.

दोन वर्षांपूर्वी अमेरिकेच्या महिला संघानेही अशीच ठाम भूमिका घेतली होती. २०१७ च्या विश्वचषकावर बहिष्कार टाकू, असं त्यांनी सांगितलं आणि स्पर्धा तोंडावर आली असताना त्यांच्या महासंघाने करार केला. स्वीडनमध्ये खेळाडूंच्या संघटनेने मुलींच्या बाजूने बोलणी केली. ऑक्टोबर २०१९ मध्ये महासंघाशी करार झाला आणि संघ पुन्हा बर्फावर उतरला.

करार झाला म्हणजे सगळं सुधारलं का?

नाही. २०२२ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये उपांत्यपूर्व फेरीत कॅनडाने स्वीडनचा ११-० असा धुव्वा उडवला. कागदावर सही झाली म्हणून दोन वर्षांत संघ उभा राहत नाही, हे तेव्हा पुन्हा दिसलं.

पण खाली पाया घातला जात होता. २०२२ मध्येच स्वीडनच्या महिला लीगने एक धाडसी बदल केला. पुरुषांच्या खेळात पक असलेल्या खेळाडूला अंगाने धडक देऊन अडवता येतं. महिलांच्या खेळात याला मनाई होती. ‘मुलींना हे झेपणार नाही’ हा समज बाजूला ठेवून लीगने नियमात बसणारी धडक चालवून घ्यायला सुरुवात केली.

आणि जानेवारी २०२३ मध्ये स्वीडनच्याच ओस्टरसुंड शहरात १८ वर्षांखालील मुलींचा विश्वचषक झाला. उपांत्य फेरीत समोर पुन्हा अमेरिका, आणि स्वीडनच्या मुलींनी पुन्हा अमेरिकेला हरवलं. अंतिम सामन्यात कॅनडाने त्यांना १०-० ने हरवलं खरं, पण रौप्यपदक मिळालं. ट्युरिनमध्ये मारिया रूथने तो गोल मारला, त्या सुमारास या मुली एकतर पाळण्यात होत्या, नाहीतर जन्मायच्याच होत्या.

ट्युरिनच्या पदकाचा आनंद देशाने साजरा केला, पण विमा, बुडालेला पगार आणि मापाचे कपडे यांचा विषय निघायला तेरा वर्षं गेली. तोही निघाला तो ४३ जणींनी एकीने ‘नाही’ म्हटलं म्हणून. एखादी दुसरी गैरहजर राहिली असती, तर तिच्या जागी दुसरी आली असती. सगळ्याच थांबल्या, तेव्हा महासंघाला बोलणी करावी लागली.